पहिलीं दोन जनावरें

भोईवाड्यांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एक पाऊल परळांत, तर दुसरें सातारा, कोल्हापूर किंवा रत्नागिरीकडील गांवांत असतें. गिरण्या होत्या तेव्हां तें तसें होतें, आणि गिरण्या गेल्यावरही तें सुटलें नाहीं. नोकरी संपते, फंडाचे पैसे हातीं येतात, गांवीं घर व थोडी जमीन असते. मग ‘चार म्हशी बांधूं आणि दूध डेअरीला घालूं’ असा विचार मनांत येतो. विचार वाईट नाहीं. मात्र हे पैसे पुन्हां मिळणारे नसतात. म्हणून पहिलें जनावर दावणीला येण्यापूर्वीं काय पाहावें, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

हा विषय परळकरांना परका नाहीं. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं येथेंच सुरू झालें, आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें पशुरुग्णालय आजही येथेंच आहे. शहरांत एके काळीं म्हशींचे तबेलेही पुष्कळ होते. ते बाहेर हलवावे म्हणून १९४९ सालीं गोरेगांवानजीक आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. त्या तबेल्यांचें गणित एकाच वेताचें होतें. ताजी व्यालेली उत्तम म्हैस आणावी, दूध आहे तोंवर काढावें, आणि ती आटली कीं खाटकाला द्यावी. शहरांत जागा व वैरण इतकी महाग, कीं भाकड म्हैस पोसणें तबेलेवाल्याला परवडत नसे. पारडूं दुधाला वाटेकरी म्हणून उपाशीं मरे. देशांतल्या निवडक म्हशी अशा रीतीनें एका वेतांत संपत. गांवांतील नवख्या माणसाला हा मार्ग मोकळा नाहीं, आणि नाहीं हेंच बरें. त्यानें हिशेब निदान दोन वेतांचा धरला पाहिजे.

तो हिशेब असा. म्हैस सुमारें ३१० दिवस गाभण असते. व्याल्यावर तीन महिन्यांत ती फळली, तर दोन वेतांत ४०० दिवसांचें अंतर पडतें. त्यांतले ३०० दिवस दूध धरलें तरी १०० दिवस तिला बसून खाऊं घालावें लागतें. हें झालें सर्व सुरळीत चाललें तर! एक माज हुकला कीं २१ दिवस गेले. गाय हंबरून घर जागें करते. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो, आणि उन्हाळ्यांत तर तो ओळखूंच येत नाहीं. म्हणून पहांटे व रात्रीं गोठ्यांत फेरी मारावी. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, आणि संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं रेतन करवावें. मुंबईहून पैसे पाठवून गड्याच्या भरंवशावर गोठा चालवूं पाहणाऱ्यांचा तोटा बहुधा याच हुकलेल्या फेऱ्यांत असतो.

आतां चार ताज्या म्हशी एकदम घेतल्या तर काय होईल? चारी एकदम दूध देतील आणि चारी जवळजवळ एकदम आटतील. डेअरीचा पगार थांबेल, पेंडवाल्याची उधारी मात्र थांबणार नाहीं.

जनावराच्या आधीं वैरण आली पाहिजे. एका मोठ्या जनावराला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा व ५ ते ६ किलो सुका चारा लागतो. म्हणजे वर्षाला सुका चाराच दोन टनांच्या आसपास झाला. नेपियरसारखें गवत तीन महिने आधीं लावावें, कडबा सुगींतच भरून ठेवावा. कोंकणांत भाताचा पेंढा फुकट मिळतो खरा, पण त्यानें पोट भरतें, दूध येत नाहीं. आंबोणाचा साधा हिशेब म्हणजे शरीरासाठीं दीड किलो, आणि म्हशीच्या दर लिटर दुधामागें आणखी अर्धा किलो.

पहिली म्हैस दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची असावी, आणि ती बाजारांत न घेतां मालकाच्या दारीं घ्यावी. बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितात. हा व्यवहार प्रेक्षणीय आहे, परंतु नवख्यानें तो पाहण्यापुरताच जावें. धार न काढतां तुंबवलेली कास पाहून पुष्कळ जण फसतात. लागोपाठ तीन धारा आपल्यासमोर काढवाव्या, चारी सड स्वतः दाबून पाहावे, दांत मोजावे. जातीच्या बाबतींत माझें मत असें, कीं कोल्हापूर-सोलापूरकडील माणसानें हरियाणाच्या मुऱ्हापेक्षां आपल्या पंढरपुरी म्हशीनें आरंभ करावा. दूध कमी, पण तिला आपली हवा व आपला कडबा मानवतो. गाय घेणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं महाराष्ट्रांत गोहत्येस १९७६ च्या कायद्यानें बंदी आहे व २०१५ पासून वळू आणि बैलही त्यांत आले. तेव्हां भाकड गाईचा व गोऱ्ह्याचा खर्च आरंभींच मांडावा.

पारडूं जन्मल्यावर तासाभरांत त्याला चीक पाजावा. दहाव्या-पंधराव्या दिवशीं पशुवैद्यांना विचारून जंताचें औषध द्यावें. तबेल्यांत जें पारडूं मरूं दिलें जाई, तेंच आपल्या दावणीचें तिसरें जनावर, आणि त्याला बाजारभाव मोजावा लागत नाहीं. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीं, लाळखुरकुताची वर्षांतून दोनदां टोंचून घ्यावी. कानांत बारा अंकी बिल्ला असल्यावांचून जनावर विकत घेऊं नये.

राहिला प्रश्न दुसऱ्या जनावराचा. पहिलीच्या व्याण्याची, माजाची व रेतनाची तारीख वहींत लिहावी. रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनीं पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. ती गाभण आहे असें त्यांनीं सांगितलें, कीं व्याल्यापासून सहा महिने होत आलेले असतात. त्या सुमारास ताजी व्यालेली दुसरी म्हैस घ्यावी, म्हणजे पहिली आटेल तेव्हां दुसरी दुधांत असेल. तोंवर उरलेले पैसे बँकेंतच राहूं द्यावे.