थांबलेले प्रतिलेखन

पेशींतून वेगळी काढलेली केंद्रके आम्ही सुमारे ४० टक्के ग्लिसरॉलच्या द्रावणात घालून द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवतो आणि उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतो. ग्लिसरॉलमुळे बर्फाच्या स्फटिकांची इजा टळते. डीएनएवरचे आरएनए पॉलिमरेज जागच्या जागी थांबते. पुढे ऊब आणि न्यूक्लिओटाइडे मिळाली, की ते अर्धवट राहिलेला आरएनए पुढे लिहू लागते. नवी सुरुवात जवळजवळ होत नाही. म्हणून केंद्रके थंड केली तेव्हा कोणती जनुके कार्यरत होती, ते कळते. ‘ट्रान्स्क्रिप्शन’ विद्यार्थी पाठ करतात; ‘प्रतिलेखन’ म्हटले, की ओळीच्या मध्यावर थांबलेली लेखणी त्यांना दिसते. एवढ्यासाठी तरी हा शब्द वर्गात वापरायला हवा.