मोबाइलवरची पीक नोंद : दुसऱ्याला समजेल असं कसं सांगावं?



आपल्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद आपणच मोबाइलवरून करावी, यासाठी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पीककर्ज, हमीभावाची विक्री, नुकसानभरपाई अशा कामांत ही नोंद उपयोगी पडते. नोंद राहिली किंवा चुकली, तर हेलपाटे घालावे लागतात.

मोबाइलचा सराव सगळ्यांनाच नसतो. मग गावातली शिकलेली मुलं किंवा गटाचे प्रमुख फोनवरून सांगतात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कृती लिहितात. पण "वरचं दाबा, मग ते खालचं भरा" एवढ्यानं ऐकणाऱ्याला काय उमगणार? म्हणून सांगण्याची रीत पुढीलप्रमाणे ठेवावी.

१) पडद्यावर असेल तेच नाव घ्या. तिथं 'सबमिट' लिहिलं असेल, तर 'सबमिट'च म्हणा. तुम्ही 'पाठवा' म्हणालात, की समोरचा 'पाठवा' शोधत बसेल. लिहिताना हे नाव अवतरण चिन्हांत घाला.

२) वस्तू कोणती ते सांगा आणि तिला साजेसं काम सांगा. बी पेरतात, रोप लावतात. तसंच बटण दाबायचं, रकाना भरायचा, यादीतून निवडायचं आणि लहान चौकोनात खूण करायची. सगळीकडे 'करा' म्हटल्यानं घोटाळा होतो.

३) आधी जागा, मग काम. "पडद्याच्या तळाशी 'पुढे' हे बटण आहे, ते दाबा," असं सांगा. म्हणजे नजर तिथं पोचते आणि मग बोट जातं.

४) नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि भर उन्हात पडदाही फिका दिसतो. बटणावर नाव नसून नुसतं चिन्ह असेल, तर त्याचा आकार सांगा. उदाहरणार्थ, "तीन आडव्या रेघा".

५) आकड्याबरोबर माप सांगा. १ हेक्टर म्हणजे १०० आर, आणि ४० आर म्हणजे साधारण एक एकर. रकाना हेक्टरचा असेल, तर एका एकरासाठी ०.४० भरावं लागतं. नुसतं "चाळीस टाका" म्हटलं, तर त्याचा अर्थ ४० हेक्टर होतो!

६) एका ओळीत एकच काम लिहा, आणि ते झाल्यावर काय दिसेल तेही लिहा. "आता पिकांची यादी उघडेल," एवढं वाचलं, की आपण बरोबर चाललो आहोत याचा माणसाला धीर येतो.

७) कागदावर तारीख घाला. ॲप सुधारलं, की बटणांची नावं आणि जागा बदलतात. जुना कागद फळ्यावर तसाच राहू देऊ नका.

शेवटी एक परीक्षा घ्या. ज्यानं कधीच नोंद केली नाही, अशा शेजाऱ्याच्या हाती तो कागद द्या आणि आपण गप्प बसा. तो जिथं अडेल, ती ओळ सुधारा. दोष त्याचा नसतो, ओळीचा असतो.

हंगामाची मुदत संपण्याआधी एवढं केलंत, तर घरोघरच्या नोंदी वेळेवर आणि बिनचूक होतील.