आधी कोणाला मारायचं? टीमफाईट, टार्गेट आणि एक चुकलेला कॉल

लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी दारातून आत या, मग बोलू.

आजचा एपिसोड गेमिंगवर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. ‘माझा एम चांगला आहे, हात फास्ट आहे, किल्सही येतात, तरी टीम हरते. का?’ याचं उत्तर मी माझ्याच एका हरलेल्या मॅचवरून देणार आहे. त्या मॅचमध्ये मी कॅप्टन होतो, आणि हरल्यावर मी चुकीच्या माणसाला बोललो होतो.

फेब्रुवारी २०१९. मी बीटेकच्या शेवटच्या वर्षाला. आमची पाच जणांची डोटा २ ची टीम होती. मी घाटकोपरचा, दोघं मुलुंडचे, एक बोरिवलीचा आणि एक अंधेरीचा. प्रॅक्टिस अंधेरीच्या एका कॅफेत, कारण घाटकोपरहून मेट्रो आणि बोरिवलीहून लोकल, दोन्ही तिथेच भेटतात. तासाचे पैसे पाच जणांत वाटून घ्यायचो आणि उरलेल्यात वडापाव.

ज्यांनी डोटा खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाच विरुद्ध पाच. प्रत्येकाकडे एक हिरो. ‘कॅरी’ म्हणजे शेवटी सगळ्यात जास्त मार देणारा. ‘सपोर्ट’ म्हणजे वाचवणारा, अडवणारा, आणि स्वतः पहिला मरणारा. ‘स्टन’ म्हणजे समोरच्याला काही सेकंद जागेवर खिळवून ठेवणं. मोबाईलवर मोबाईल लेजेंड्स खेळला असाल तर हे सगळं ओळखीचं आहे.

एका कॉलेज फेस्टची फायनल होती, तिसरा गेम. त्यांच्याकडे ॲक्स, डॅझल, स्नायपर, एनिग्मा आणि अजून एक सपोर्ट. ॲक्स हा दांडगा गडी. त्याचं कामच उडी मारून मध्ये यायचं आणि ‘मला मारा’ म्हणायचं. डॅझल आपल्या माणसावर एक मंत्र टाकतो आणि मग पाच सेकंद तो माणूस मरतच नाही. स्नायपर लांबून गोळ्या घालतो. आणि एनिग्मा ‘ब्लॅक होल’ टाकतो. त्यात जे अडकतील ते चार सेकंद काही करू शकत नाहीत. पण ते होल टाकताना एनिग्माला स्वतःला उभं राहावं लागतं. त्या वेळात कोणी त्याला स्टन केलं की खेळ खलास, होल बंद.

आमच्याकडे त्यावर औषध होतं. मुलुंडचा एक मित्र लायन खेळत होता. लायनकडे स्टन आहे आणि समोरच्याला बेडूक बनवणारा हेक्सही आहे. एनिग्माकडे त्या वेळी जादूपासून वाचवणारी बीकेबी नव्हती. म्हणजे लायनने फक्त एक स्पेल हातात राखून ठेवायचा होता.

फाईट सुरू झाली. ॲक्स उडी मारून आमच्यात आला. आम्ही पाचही जण त्याच्यावर तुटून पडलो. त्याने ब्लेड मेल चालू केली. त्या काळी ती चालू असताना आपण जेवढं मारू तेवढं आपल्यालाच परत लागायचं. तरी आम्ही मारतोय. तो मरायला आला तेव्हा डॅझलने मंत्र टाकला. पाच सेकंद आम्ही एका न मरणाऱ्या माणसाला मारत होतो! तोवर लांबून स्नायपर आम्हाला सोलत होता. मग एनिग्मा आला, ब्लॅक होल, आमचे तिघं आत. बाहेर लायन उभा, आणि त्याचे दोन्ही स्पेल ॲक्सवर खर्च झालेले.

हरलो. हेडफोन टेबलावर आपटून मी त्या मित्राला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘एक स्टन ठेवता येत नाही तुला? सपोर्टमुळे हरलो.’ तो काही बोलला नाही. त्या रात्री त्याने आमचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला.

आता जरा गणित करू. वही नको, ऐकत राहा.

समजा तीन विरुद्ध तीन. प्रत्येकाचा जीव ९००, प्रत्येकाचा मार सेकंदाला १००. आम्ही तिघांनी तीन वेगवेगळे शत्रू धरले, तर तिन्ही शत्रू नवव्या सेकंदाला पडतात. तोवर तिघंही आम्हाला मारत असतात. म्हणजे नऊ सेकंद गुणिले ३००, एकूण २७०० चा मार आम्ही खाल्ला. आमचा सगळा जीव मिळून तेवढाच. म्हणजे बरोबरी, सगळे खल्लास.

आता तिघांनी मिळून एकालाच धरलं. पहिला तिसऱ्या सेकंदाला पडला, दुसरा सहाव्या, तिसरा नवव्या. वेळ तेवढाच, नऊ सेकंद. पण आम्ही खाल्लेला मार बघा. पहिले तीन सेकंद ३०० ने, पुढचे तीन २०० ने, शेवटचे तीन १०० ने. ९०० अधिक ६०० अधिक ३००, म्हणजे १८००. मार थेट एक तृतीयांश कमी! कोणाचा हात फास्ट झाला नाही, कोणाचा एम सुधारला नाही. फक्त सगळ्यांनी एकच नाव धरलं.

हे गेमर लोकांनी शोधलेलं नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, याचं गणित मांडलं. त्याचं म्हणणं असं, की लांबून मारा करणाऱ्या दोन फौजांची ताकद संख्येच्या वर्गाने मोजावी. पाच विरुद्ध चार झालं की ताकद पाचाला चार राहत नाही, पंचवीसाला सोळा होते. म्हणून पहिला किल सगळ्यात महाग.

मग तुम्ही म्हणाल, आम्हीही पाच जण मिळून एकालाच मारत होतो की! हो. पण चुकीच्या माणसाला.

दोन हिरोंचा जीव समजा सारखाच, १०००. एकाच्या अंगावर चिलखत नाही, दुसऱ्याचं आर्मर १०. डोटात आर्मरचा प्रत्येक पॉइंट साध्या माराविरुद्ध साधारण सहा टक्के जीव वाढवल्यासारखा असतो. म्हणजे दुसऱ्याचे १००० प्रत्यक्षात १६०० झाले. त्यावर ब्लेड मेल, त्यावर डॅझलचे पाच सेकंद. आम्ही मैदानातला सगळ्यात महाग माणूस निवडला होता, कारण तो जवळ उभा होता. बस, एवढंच कारण.

टार्गेट निवडताना तीन प्रश्न विचारायचे. एक, हा किती सेकंदात पडेल? दोन, हा पडला तर समोरच्यांचं काय बंद होईल? तीन, याच्यापर्यंत पोहोचायला आपलं काय जाईल? ॲक्स पडायला वेळ लागतो, आणि उडी मारून झाल्यावर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. स्नायपर पटकन पडतो, पण सगळ्यांच्या मागे उभा असतो. डॅझल पटकन पडतो, आणि तो पडला की बाकी चौघं ‘मरणारे’ होतात. त्या फाईटमध्ये पहिलं नाव डॅझलचं हवं होतं.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. याद्या दोन असतात. एक मारायची यादी, एक थांबवायची यादी. एनिग्माला मारायची घाई नव्हती. त्याला फक्त एका क्षणी थांबवायचं होतं. डॅझलला मारायचं, एनिग्माला थांबवायचं, स्नायपरच्या मागे एकट्या बोरिवलीकराला सोडायचं, आणि ॲक्सपासून चार पावलं मागे सरकायचं. आम्ही दोन्ही याद्यांत एकच नाव घातलं. मारायचाही ॲक्स, थांबवायचाही ॲक्स.

कबड्डी खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. समोरचा मुख्य चढाईपटू बाद केला की तो बाहेर बसतो, आणि त्याच्या टीमने गुण मिळवल्याशिवाय आत येत नाही. तेही बाद झालेल्या क्रमाने. म्हणून चांगली टीम गुण मोजते, आणि बाहेर कोण बसलंय हेही मोजते. आणि पकड? एका कोपऱ्याने एकट्यानेच घोटा धरला आणि बाकीचे बघत राहिले, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेला हात लावून जातो. पकड साखळीनेच होते.

आता त्या मित्राकडे येतो.

फायनलनंतर आठवड्याभराने अंधेरीकराने एक व्हिडिओ पाठवला. आमच्या मागे उभं राहून कोणीतरी फोनवर शूट केलेला. स्क्रीन नीट दिसत नव्हती, पण आवाज स्वच्छ. त्यात मी ओरडतोय, ‘ॲक्स, ॲक्स, सगळं टाका ॲक्सवर! लायन, टाक ना!’ बाकी चौघं गप्प. ‘टाक’ म्हणणारा मीच होतो.

मुलुंड स्टेशनबाहेर त्याला भेटलो. सॉरी म्हणालो, व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, ‘मला एनिग्मा झाडीत दिसला होता रे. पण कॉल तुझा होता.’

हे वाक्य मला त्या हरण्यापेक्षा जास्त लागलं. ज्याला दिसत होतं त्याला आमच्या टीममध्ये बोलायची सवयच नव्हती. कॅरी म्हणजे हिरो, कॅरी म्हणजे कॅप्टन, सपोर्टने ऐकायचं, असं आमच्यात न ठरवताच ठरलेलं होतं. आता कॅरीची जागा बघा. तो भांडणाच्या मधोमध, नजर स्वतःच्या जीवाच्या पट्टीवर. सपोर्ट दोन पावलं मागे, पूर्ण मैदान त्याच्या समोर. कॉल कोणी द्यायला हवा होता?

एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली. तीन लाख डॉलर बक्षिसाची डोटाची मोठी स्पर्धा, आपल्या शहरात! आम्ही पाचही जण गेलो. महालक्ष्मीला उतरून चालत. हो, तोही आला होता. चीनची कीन गेमिंग जिंकली, फिलिपिन्सची मिनेस्की दुसरी आली. बाकी लोक मोठ्या स्पेलला ओरडत होते. आम्ही मात्र एकच गोष्ट बघत बसलो, फाईटच्या पहिल्या दोन सेकंदात सगळे कोणाकडे वळतात. समोर दांडगा हिरो नाचत असला तरी ही माणसं त्याच्या बाजूने निघून मागच्या सपोर्टवर जायची. आणि एखादा जण स्टन हातात धरून नुसता उभा. तो उभा राहणं हेच त्याचं काम.

त्यानंतर आम्ही नियम केले. कॉल लायनवाला देणार. कॉल म्हणजे फक्त नाव, वाक्य नाही. फाईटआधी दोन्ही याद्या मोठ्याने बोलायच्या. ‘मारायचा डॅझल, थांबवायचा एनिग्मा.’ पहिला पडला की लगेच पुढचं नाव. आणि मॅच संपल्यावर दहा मिनिटं कोणी कोणाला बोलायचं नाही. शेवटचा नियम माझ्यासाठीच होता.

पुढची स्पर्धा आम्ही जिंकलो का? नाही, सेमीफायनलला हरलो. पण त्या दिवशी कोणी ग्रुप सोडला नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स चॅम्पियनशिपमध्ये मोईन एजाजच्या कॅप्टनशिपखाली भारताने डोटा २ मध्ये न्यूझीलंडला हरवून ब्राँझ घेतलं, तेव्हा पहिला मेसेज त्याच ग्रुपवर पडला. लायनवाल्याचा.

बीजीएमआय खेळणाऱ्यांनो, तुम्हाला विसरलो नाही. गेम बॅन झाले, परत आले, गणित तेच राहिलं. स्क्वॉड फाईटमध्ये समोरचा एक नॉक झाला की लगेच त्याला फिनिश करायला धावू नका. तो सध्या गोळी झाडत नाही, म्हणजे आत्ता चार विरुद्ध तीन आहे. उभ्या असलेल्यांकडे बघा, आणि नॉक झालेल्याला उठवायला कोण येतोय त्यावर नेम ठेवा. तो आपला डॅझल. किल तुमच्या नावावर नाही पडला तरी चालेल.

तर आजचं होमवर्क. पुढच्या तीन मॅच स्क्रीन रेकॉर्ड करा, माइकच्या आवाजासकट. नंतर स्क्रीनकडे न बघता फक्त आवाज ऐका. कोण बोलतंय, किती जण गप्प आहेत, आणि नाव कोणाचं घेतलं जातंय. गप्प बसलेल्याला एकदा विचारा, ‘तुला काय दिसत होतं?’

मला हा प्रश्न विचारायला एक फायनल हरावी लागली. तुम्ही फुकटात विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, घाटकोपर आलं असेल तर उतरा!