पडद्यावरील खेळ : शाप कीं साधन?



सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत एके सायंकाळीं मीं नातवाच्या हातून मोबाइल हिसकावून घेतला. तो एवढेंच म्हणाला, “आजोबा, सहाव्यांदा हरलों होतों; आतां जमलें असतें.” मी ओशाळलों. गणितांत एकदां चुकतांच वही मिटणारा हा मुलगा येथें सहा वेळां हरून पुन्हां उभा राहत होता!

ही चिकाटी अल्पमोल नव्हे. सन २००८ मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठानें ‘फोल्डइट’ हा खेळ काढला. त्यांत प्रथिनांच्या रेणूची घडी जुळवावयाची असते. माकडांत एड्ससारखा रोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना शास्त्रज्ञांस दहा वर्षांहून अधिक काळ उकलली नव्हती. ती खेळाडूंच्या साह्यानें तीन आठवड्यांत उकलली व २०११ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या पुण्यांतील कलावंतांनींही २०२० सालीं ‘राजी’ या खेळांत, भावाचा शोध घेणाऱ्या मुलीच्या कथेंतून, भारतीय पुराणकथा जगापुढें मांडल्या.

सर्वच खेळ हितकर, असें मी म्हणत नाहीं. खेळाच्या अनावर व्यसनास जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं रोगांच्या यादींत स्थान दिलें. आणि पैसे लावून खेळणें हा तर जुगारच. परंतु हिसकावणें हा उपाय नव्हे. लेंकरांजवळ बसा, कोणता खेळ व किती वेळ, हें मिळून ठरवा.

दुसऱ्या दिवशीं मी नातवाशेजारीं बसलों. सातव्या खेपेसही तो हरला. पण कां हरला, हें मला समजावून सांगूं लागला. कित्येक महिन्यांनीं आम्ही दोघे मनमोकळें बोललों.