पहिला दगड हजार नंबरचा

ओसाकाजवळचं साकाई शहर सुऱ्यांसाठी नावाजलेलं. जपानी सुरीचं पोलाद कडक आणि धार पातळ. त्यामुळे तिथले आचारी ती पाण्यात भिजवलेल्या सपाट दगडावर घासतात. घासताना दगडाचे बोथट झालेले कण सुटतात, खालचे ताजे कण वर येतात. दगडावर साचणारा करडा गाळही धार लावायला मदत करतो, तो धुऊन टाकू नये.

क्योटोच्या डोंगरातले नैसर्गिक दगड फार महाग, कारण बहुतेक खाणी बंद झाल्या आहेत. घरच्या सुरीला त्यांची गरजही नाही. कारखान्यात बनणारे बहुतेक दगड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कुरुंदाच्याच जातीचे, आणि त्यांचा कण एकसारखा असतो.

दगडाचा नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. ४०० पर्यंतचे भरड दगड तुटलेल्या धारेसाठी, ३००० च्या पुढचे चकाकीसाठी. रोजचं खरं काम १००० नंबरचा दगड करतो. म्हणून पैसे कमी असतील तर तीन दगडांचा स्वस्त संच घेऊ नये. त्यातल्या बऱ्याच दगडांवर मोठा नंबर असतो, पण बनवणाऱ्याचं नाव नसतं. त्याच पैशात १००० चा एकच चांगला दगड घ्यावा.

अशा दगडांत किंग या जपानी ब्रँडचा दगड जुना, स्वस्त आणि भरवशाचा. तो बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, पाण्यात ठेवावा लागतो. मऊ असल्याने हाताला छान लागतो, पण मध्ये लवकर खोलगट होतो. सुएहिरोचा सेराक्सही भिजवूनच वापरायचा. शॅप्टनचा केशरी कुरोमाकु थोडा महाग, पण त्यावर नुसतं पाणी शिंपडलं की काम सुरू, आणि तो झिजतोही सावकाश. ज्यांना सुरी हातात घेतल्यावर थांबायचा कंटाळा आहे, त्यांनी हाच घ्यावा. भिजवायच्या आळसापायी कपाटात पडून राहिलेला दगड सर्वांत महाग पडतो.

दगड सपाट ठेवण्याचा खर्च मात्र टाळू नये. खोलगट दगडावर कोन टिकत नाही. जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून पसरावा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि त्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासावा.

सुरी साधारण पंधरा अंशांवर धरावी. पातं साडेचार सेंटीमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १.२ सेंटीमीटरच वर येते; शिकणाऱ्याला वाटतं त्याहून हे कमी आहे. एक बाजू घासत राहावं. दुसऱ्या बाजूला, पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच ओढला की टोकापासून मुठीपर्यंत धातूची खरखरीत कड लागली पाहिजे. ती लागली की बाजू बदलावी आणि शेवटी अगदी हलक्या हाताने ती कड काढून टाकावी. अर्ध्या पात्याला ती लागलीच नसेल, तर ६००० चा दगड घेऊनही उपयोग होत नाही.

काम झाल्यावर दगड सावलीत वाळवावा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवला तर तो तडकू शकतो.