योगायोग की आणखी काही? मोजून बघूया
(कोल्हापुरात तरुणांसमोर केलेलं भाषण)



‘आमच्यावर अन्याय होतो’ आणि ‘तुमचे लाड होतात’ ही दोन्ही वाक्यं आपण व्हॉट्सॲपवर रोज वाचतो. माझा दोघांनाही एकच प्रश्न आहे: आकडा किती, आणि तो निव्वळ योगायोगानं येऊ शकतो का?

यासाठी काय-स्क्वेअर टेस्ट आहे. कार्ल पिअर्सन यांनी ती १९०० साली मांडली. दोनच वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गासाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागास, म्हणजे त्यात आपणही होतो.

तिथूनच सुरुवात करू. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा प्रशासनातल्या ७१ जागांवर ६० ब्राह्मण आणि ११ इतर होते. १९१२ साली ९५ जागांवर ३५ ब्राह्मण आणि ६० इतर. एकूण जागा १६६, त्यात ब्राह्मण ९५. साल आणि जात यांचा काहीच संबंध नसता, तर १८९४ मध्ये ७१ गुणिले ९५ भागिले १६६, म्हणजे सुमारे ४१ ब्राह्मण दिसायला हवे होते. होते ६०. तक्त्याच्या चारही घरांत हेच करायचं: प्रत्यक्षातून अपेक्षित वजा करा, वर्ग करा, अपेक्षितानं भागा, मग बेरीज. उत्तर येतं सुमारे ३८. अशा तक्त्यासाठी ५ टक्के पातळीची मर्यादा आहे ३.८४. हा बदल आपसूक झालेला नाही.

आता आजचं. २०११च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम ११.५४ टक्के. विधानसभेच्या जागा २८८, त्या प्रमाणात ३३. २०२४ मध्ये निवडून आले १०. फरक २३, वर्ग ५२९. त्याला ३३नं आणि उरलेल्या २५५नं भागून बेरीज केली की सुमारे १८. तेही ३.८४च्या खूप वर.

पण इथं थांबा. टेस्ट एवढंच सांगते की आकडा लोकसंख्येच्या प्रमाणाशी जुळत नाही. का, ते सांगत नाही. पक्षांनी तिकिटं किती दिली, वस्ती किती विखुरलेली आहे, हे वेगळं शोधावं लागतं. आणि आपल्या जिल्ह्याचं बघा: १० मतदारसंघ, मुस्लिम आमदार एक, कागलचे हसन मुश्रीफ. राज्याच्या प्रमाणानं अपेक्षितही जेमतेम एकच. अपेक्षित आकडा पाचाच्या आत असेल, तर या टेस्टवर विसंबू नये. एका जिल्ह्यावरून ना रडायचं, ना मिरवायचं.

म्हणून एक काम देतो. आपल्या मोहल्ल्यातले शिष्यवृत्तीचे अर्ज मोजा: मंजूर किती, नामंजूर किती; त्यात मुली किती, मुलगे किती. उत्तर ३.८४च्या वर आलं, तर तक्ता घेऊन अधिकाऱ्यांकडे जाऊ. खाली आलं, तर ‘भेदभाव’ हा शब्द त्या तक्त्याच्या जोरावर वापरायचा नाही, मग तो आपल्याला कितीही सोयीचा असो. आपला आकडा आपल्याच विरुद्ध गेला तरी आपण तो दाखवतो, हे लोकांना कळलं, की आपल्या तक्रारीलाही वजन येईल.