सहीची किल्ली कोणाच्या हाती?

सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते : एक जगजाहीर, दुसरी खासगी. जाहीर किल्लीने कोणीही मजकूर बंद करावा, तो उघडावा मात्र खासगी किल्लीवाल्यानेच. सहीचे उलट : खासगी किल्लीने सही होते आणि जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. डिफी आणि हेलमन यांनी ही कल्पना १९७६ साली मांडली. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली.

नागपूरच्या धंतोलीत या दोन्ही गरजा शेजारी शेजारी नांदतात. इस्पितळांना रुग्णांचे कागद गुप्त राखायचे असतात. सीएंच्या कार्यालयांत विवरणपत्रांवर डिजिटल सह्या होतात. सनदी लेखापालांच्या संस्थेची नागपूर शाखाही इथलीच.

रुग्णाचा अहवाल कोणी वाचावा हे नुसत्या सर्व्हरवर सोपवले, तर सर्व्हर फुटताच सारे उघडे पडते. म्हणून अट कुलपातच घालावी लागते. 'डॉक्टर असावा आणि हृदयरोग विभागातला असावा' अशी अट मजकुराबरोबरच बांधण्याची रीत बेथनकोर्ट, सहाय आणि वॉटर्स यांनी २००७ मध्ये दाखवली.

एकत्र कुटुंबात कोठीची किल्ली थोरल्या सुनेकडे, फडताळाची धाकटीकडे आणि दागिन्यांच्या पेटीची सासूबाईंकडे असते. दोघी सुनांनी आपल्या किल्ल्या एकत्र केल्या तरी पेटी उघडता कामा नये. तसेच हृदयरोग विभागातला कारकून आणि दुसऱ्या विभागातला डॉक्टर यांनी संगनमत केले तरी अहवाल उघडू नये. त्यासाठी प्रत्येकाच्या किल्लीत त्याचा स्वतःचा वेगळा यादृच्छिक अंक मिसळतात, म्हणजे दोघांचे तुकडे जुळत नाहीत. किल्ल्या घडवणारा मात्र सगळ्याच पेट्या उघडू शकतो. तो अधिकार अनेकांत वाटणे शहाणपणाचे. धाकटी वेगळी राहू लागली तर फडताळाचे कुलूप बदलायचे कसे, हा प्रश्न फार मोठा आहे आणि इथे तो मावणारा नाही.

खरी चिंता मात्र सहीची आहे. मजकूर उघडणाऱ्या किल्लीची जादा प्रत जपून ठेवता येते. प्रत नसताना किल्ली हरवली तर जुने कागद कायमचे बंद होतील. सहीच्या किल्लीची दुसरी प्रत कधीच नसावी, नाहीतर सही कोणाची हेच ठरत नाही. म्हणूनच दोन्ही कामांसाठी वेगळ्या जोड्या लागतात. सहीची किल्ली टोकन नावाच्या छोट्या उपकरणाच्या आतच तयार होते आणि बाहेर येत नाही. पण ते टोकन दुसऱ्याच्या खणात पडले असेल आणि पिन त्यालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर असेल, तर सारी रचना फुकट. स्पष्ट सांगायला हवे : टोकन आणि पिन देणे म्हणजे सहीच देणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२ वे कलम किल्लीवर ताबा राखण्याची जबाबदारी धारकावरच टाकते.

काम सोपवायचेच असेल, तर प्रतिनिधीने स्वतःच्या सहीने, ठरावीक कामापुरते आणि मुदतीपुरते ते करावे. कोणाचे टोकन दुसऱ्याच्या खणात असेल, तर ते आजच परत आणावे आणि पिन बदलावा.